क्रुसाचा अर्थ, लेखांक ६ : फाडलेला कर्जरोखा

मागच्या आठवड्यात आपण क्रूस ही रोमन राज्याची शिक्षा म्हणून पाहिली. पळालेल्या गुलामांना आणि बंडखोरांना ती दिली जाई. स्पार्टाकसचा उठाव मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये रोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने सुमारे ६,००० माणसं क्रुसावर टांगली होती. अशा मरणात सुटका आहे, असं पहिल्या ख्रिस्ती माणसांनी कशाच्या जोरावर म्हटलं?

पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचं एक उत्तर आहे. तो सांगतो की आपल्यावर बोजा ठेवणारा रोखा देवाने रद्द केला आणि तो क्रुसाला खिळून टाकला. ऋणकोच्या अंगठ्याचा कागद सावकाराच्या पेटीत असतो तोवर ऋणको मोकळा नसतो, मग त्याने कितीही राबावं. पौलाच्या म्हणण्याप्रमाणे हा कागद आता पेटीत उरलेलाच नाही.

कागद नाहीसा होणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते त्यांनी जाळले. दंगल मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला. त्या दुष्काळातली माणसं पाहूनच आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पेटले. १८७९मध्ये ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत वारले. ज्यांनी हे बाहेरचं जोखड फेकायचा प्रयत्न केला, त्यांच्यापुढे मी मान झुकवतो. क्रुसाचा संदेश त्या लढ्याला पर्याय म्हणून उभा राहत नाही. तो आतल्या जोखडाला हात घालतो.

ते आतलं जोखड कसं असतं, हे पंडिता रमाबाईंइतकं स्पष्ट कुणी लिहून ठेवलेलं मला ठाऊक नाही. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण तीर्थामागून तीर्थं करण्यात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. व्रतं, अनुष्ठानं, दानं यांत होतं नव्हतं ते सगळं गेलं. १८७४च्या दुष्काळी दिवसांत आधी वडील, मग आई, आणि पुढे थोरली बहीण गेली. पुण्य पुरेसं झालं असं कधी कुणाला वाटलंच नाही. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तरी त्यांच्या मनाची तहान तशीच राहिली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. पण तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. काय मानायचं, कुणाचं ऐकायचं, यावर पत्रांमागून पत्रं गेली. तिथल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरलेली होती. ती नकोत, लिहायचंच तर संस्कृतात लिहा, असा रमाबाईंचा आग्रह होता. मला हा आग्रह फार मोलाचा वाटतो. पौलही त्याच अध्यायात कलस्सैकरांना हेच बजावतो : हे खाऊ नका, त्याला शिवू नका, अमुक सण पाळा, असं सांगून कुणी तुमच्यावर धनीपणा गाजवू नये, ख्रिस्तात तुम्हाला काही उणं नाही.

तरीही आणखी आठ वर्षं त्यांना स्वस्थता लाभली नाही. १८९१च्या सुमारास पुण्यात असताना त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एका नियमावलीच्या जागी आपण दुसरी नियमावली आणून ठेवली, एवढंच झालं होतं. चांगलं होऊन मग देवाजवळ जायचं नसतं. आहोत तसं जायचं असतं, कारण देणं चुकतं झालेलं आहे. हे उमगल्यावर त्यांनी मिळवण्याची धडपड सोडली. १९०७मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी तिला न संपणाऱ्या ठेव्याचं नाव दिलं.

इथे एक आक्षेप हमखास येतो : सगळं आधीच झालेलं असेल, तर माणूस हातपाय हलवील कशाला? रमाबाईंनी काय केलं ते पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि विधवांना, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. १९००पर्यंत तिथे सुमारे २,००० स्त्रिया आणि मुली राहत होत्या. बांधलेलं उत्पन्न हाताशी नसताना एवढी तोंडं रोज जेवत होती. ज्याला स्वतःचं पुण्य साठवायचं नसतं, त्याचे हात दुसऱ्यांसाठी रिकामे होतात, असं मला वाटतं. पुरेसं असणं म्हणजे सुखासीन असणं नव्हे, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर हिब्रू आणि ग्रीकवरून त्या बायबल मराठीत आणत होत्या. ते १९२४मध्ये प्रसिद्ध झालं.

सुपे आणि केडगाव ही दोन्ही गावं पुणे जिल्ह्याच्या एकाच दुष्काळी पट्ट्यातली. एका गावात रोखे जाळले गेले. पंचवीसेक वर्षांनी दुसऱ्या गावात दुष्काळातून वाचलेल्या मुलींना शिकवलं जात होतं की तुमच्या नावावर आता कुणाचं काही निघत नाही. विधवेच्या नशिबी मागच्या जन्माचं पाप येतं, असं ज्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं, त्या मुलींसाठी हे केवळ तत्त्वज्ञान नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळू. तोवर कलस्सैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय सवडीने वाचून ठेवा. तेवीसच ओव्या आहेत, आणि टिळकांचं म्हणणं समजायला त्या लागणार आहेत.