तिकीट बदलत नाही आणि पाय प्लास्टरमध्ये

विमानाचं स्वस्त तिकीट स्वस्त का असतं, हे काढताना कुणी सांगत नाही. दोन-तीन महिने आधी काढलं की भाव कमी लागतो, पण त्याच तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रद्द केलं तर भाडं परत नाही, आणि तारीख बदलायची तर दंड भरा, वर त्या दिवसाच्या भाड्यातला फरकही भरा. हा दंड आणि फरक मिळून पुष्कळदा नव्या तिकिटाइतकेच पैसे होतात. आपल्या वस्त्यांमधून आता कुणी भिशीच्या पैशावर, कुणी बोनसवर विमानाने जाऊ लागलं आहे. मुलांना एकदा तरी विमान दाखवायचं असतं. ठरलेली तारीख जवळ येते आणि चार दिवस आधी कुणीतरी नळावर घसरतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्याकडे असंच एक घर आलं. नवरा हाऊसकीपिंगला, बायको चार घरी पोळ्या करते. सोबत दोन मुलं आणि सासूबाई. मुंबई ते दिल्ली, जाण्यायेण्याची पाच जणांची तिकिटं, वर्षभर पैसे साठवून काढलेली. निघायच्या पाच दिवस आधी गटारावरची हलणारी फरशी पायाखाली उलटली आणि ताईंच्या घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. घरच्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा: प्लास्टर आत्ता काढलं आणि दिल्लीहून आल्यावर परत घातलं तर चालेल का?

चालत नाही. हा प्रश्न आम्ही लग्नाआधी ऐकलाय, परीक्षेआधीही ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोडलेल्या हाडाची टोकं जुळवून ठेवलेली असतात. पहिल्या आठवड्यात तिथे धड काही धरलेलं नसतं. तेव्हा प्लास्टर काढून विमानतळावर चाललात तर टोकं सरकतात आणि जे हाड प्लास्टरमध्ये दीड-दोन महिन्यांत जुळलं असतं, त्याला पुढे ऑपरेशन करून पट्टी आणि स्क्रू घालायची वेळ येते. हाडवैद्याकडून चोळून घेणं हाही त्यातलाच प्रकार. तिकिटाचे पैसे वाचवताना पायच गमवायचा, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

मग प्लास्टर घालून विमानात बसता येतं का? पुष्कळदा येतं. पण ताजं प्लास्टर असेल तर थांबावं लागतं. सर्वसाधारण नियम असा की दोन तासांपर्यंतच्या प्रवासाला प्लास्टर घातल्यापासून निदान २४ तास जायला हवेत आणि त्याहून लांबच्या प्रवासाला ४८ तास. मुंबई-दिल्ली दोन तासांच्या थोडं वर जातं, म्हणून ४८ धरायचे. कारण साधं आहे. पहिले दोन दिवस पाय सुजत असतो, वर गेल्यावर प्लास्टरच्या आत अडकलेली हवाही फुगते, आणि घट्ट प्लास्टरला पसरायला जागा नसते. आत रक्ताचा पुरवठा तुंबला तर काही तासांत स्नायू मरू लागतात. म्हणून काही वेळा डॉक्टर प्लास्टर उभं चिरून देतात. बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर विमान असो वा घर, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

दुसरी भीती पोटरीतल्या रक्ताच्या गुठळीची. पाय प्लास्टरमध्ये हलत नाही, त्यात चार तासांहून जास्त एका जागी बसणं झालं की गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमानातच नव्हे, बस आणि रेल्वेतही. आधी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, बाई गरोदर असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने घ्यायची नाही. बोटं हलवत राहायची, पाणी प्यायचं. विमानतळावर लघवीला जायला नको म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका आम्ही खूप पाहिल्यात. परतल्यावरही पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला तर थांबायचं नाही.

जायचं ठरलं तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवून व्हीलचेअर मागायची. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवायचं. त्यात कोणतं हाड, कोणता पाय, प्लास्टर कधी घातलं आणि प्रवासाला हरकत नाही, एवढं तारखेसह हवं. मांडीपर्यंत प्लास्टर असेल तर पाय सरळ ठेवायला जास्तीची सीट लागू शकते, ते आधीच विचारायचं. आपत्कालीन दरवाजाजवळची सीट प्लास्टरवाल्याला मिळत नाही.

या ताईंची सूज फार होती, डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. तेव्हा प्रश्न पैशाचा उरला. रेल्वेचं पक्कं तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करून घरच्याच माणसाच्या नावावर करता येतं, तसं विमानात होत नाही. पण ‘एक पैसाही परत नाही’ हे एजंटचं बोलणंही खरं नाही. भाडं बुडालं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत करावंच लागतं, सवलतीच्या तिकिटावरसुद्धा. डीजीसीएचा तसा नियम आहे. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी ही जबाबदारी विमान कंपनीचीच, आणि परतावा देण्याचे वेगळे पैसे तिला कापता येत नाहीत. तिकिटावरचा भाड्याचा तपशील काढून करांचा आकडा बघायचा आणि लेखी मागायचा. नाही दिला तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावायचा.

डॉक्टरांचं पत्र आणि एक्स-रे जोडून मूळ भाडं किंवा तारखेचा दंड माफ करण्याची विनंतीही करायची. ते त्यांच्या मर्जीवर आहे, पण विनंतीला पैसे लागत नाहीत. तिकीट काढताना प्रवास विमा घेतला होता का, तेही तपासा. पुष्कळांनी खूण केलेली असते आणि विसरलेले असतात. काही पॉलिसींत दुखापतीमुळे प्रवास रद्द झाल्यास भरपाई मिळते. त्याला केसपेपर लागतो, म्हणून सरकारी दवाखान्यातूनही कागद घेतल्याशिवाय निघू नका.

एका पीएनआरवर पाच जण असतील तर एकट्याचंच तिकीट वेगळं करून रद्द करता येतं, सगळ्यांचं रद्द करायची गरज नसते. जाताना न बसता येताना तेवढं वापरू असंही मनात आणू नका. जाण्याचा टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पा बहुतेक वेळा आपोआप रद्द होतो.

ताईंचं एकटीचं तिकीट रद्द झालं. परत आले ते करांचे, थोडेच. घरात आधी ठरत होतं की सगळ्यांनीच राहायचं. आम्हाला त्यातलं खरं कारण दिसत होतं. बाईचा पाय मोडला की घर आधी स्वयंपाकाची चौकशी करतं, आणि बाईलाही आपणच सगळ्यांची सुट्टी घालवली असं वाटत राहतं. ताई म्हणाल्या, पोरांना जाऊ द्या. सासूबाई मात्र स्वतःहून थांबल्या आणि त्यांचंही तिकीट रद्द केलं. पाणी भरायला शेजारची दोन पोरं आली. दोन वीट आणि घडी घातलेली गोधडी ठेवून पलंगाचं पायथ्याचं टोक वर केलं, म्हणजे पाय छातीच्या वर राहतो आणि सूज उतरते. पोळ्यांच्या चार घरांपैकी तिघांनी सुट्टीचे पैसे कापले, एकीने कापले नाहीत. गटारावरच्या त्या फरशीचा फोटो काढून बायकांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय, पोच घेतली आहे.