जर्मन मोटारींचे मूळ टूल किट : ते कसे वाचायचे?

गेल्या सत्रात आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने १३ मिमीच्या बोल्टला १४ चा पाना लावला. पाना बसला, फक्त किंचित हलत होता. त्याने जोर दिला आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झाले. तो बोल्ट काढायला मग छिन्नी घ्यावी लागली आणि अख्खे प्रात्यक्षिक त्यात गेले. खरी चूक माझी होती. तो पाना मी बेंगळुरूच्या रविवारच्या बाजारातून, चिकपेटेच्या बाजूने, जुन्या जर्मन गाडीच्या किटमधला म्हणून हौसेने उचलला होता आणि निष्काळजीपणे रोजच्या पान्यांत ठेवून दिला होता.

पण त्या जुन्या किटमध्ये १४ चा पाना का होता, हा प्रश्न चांगला आहे. या टिपणात आपण तिथूनच सुरुवात करू.

गाडीबरोबर कारखान्यातून येणारे टूल किट म्हणजे हाताला लागतील ती हत्यारे भरलेली पिशवी नव्हे. डिझाइन करणाऱ्याने त्यात दोन अंदाज बांधलेले असतात : रस्त्यात या गाडीचे काय बिघडेल, आणि ते दुरुस्त करायला तिथे कोण असेल. प्रत्येक हत्यार वजन वाढवते, जागा घेते आणि पैसे खाते. म्हणून किटमध्ये जे आहे ते कशासाठी तरीच आहे.

फोक्सवॅगन बीटल हे याचे उत्तम उदाहरण. भारतात तिचे उत्पादन झाले नाही, तरी बाहेरून आलेल्या बीटल अजून हौशी लोकांकडे दिसतात. या गाडीचे इंजिन हवेने थंड होते. थंड करणारा पंखा जनरेटरच्या दांड्यावर बसलेला असतो आणि जनरेटर पट्ट्याने फिरतो. पाण्याच्या इंजिनात पट्टा तुटला तर काही मिनिटांची सवड मिळते. इथे पट्टा तुटला की पंखाच थांबतो, म्हणजे गाडी लगेच बाजूला घ्यावी लागते. त्यामुळे पट्टा बदलणे हे चालकाचे काम, असे डिझाइन करणाऱ्यांनी गृहीत धरले. जनरेटरच्या पुलीचा नट २१ मिमीचा आहे आणि १४ मिमी आट्याच्या स्पार्क प्लगचा षटकोनही व्यवहारात २१ चाच. एकाच पान्यात दोन कामे! पुली फिरू नये म्हणून तिच्या कडेला एक खाच दिलेली असते. किटमधला स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत अडकवायचा आणि नट सोडायचा. पुली दोन भागांची असते. दोन भागांमधल्या चकत्या कमी-जास्त करून पट्ट्याचा ताण ठरतो. कार्यशाळेतले एकही खास हत्यार लागत नाही. मला विचाराल तर किट आणि इंजिन एकत्र डिझाइन करणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपे उदाहरण नाही.

प्लगचा पाना तेव्हा जवळपास प्रत्येक किटमध्ये असे. शिसेयुक्त पेट्रोलमुळे प्लगवर थर साचत आणि ते वारंवार काढून घासावे लागत. आपल्या आडुगोडीत मायकोने, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेल्या आणि आता बॉश नावाने चालणाऱ्या कंपनीने, स्पार्क प्लग बनवले. ते काढायलाही हाच पाना लागे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. प्लगचे आयुष्य वाढले आणि तो पाना किटमधून मुकाट्याने गळला.

आता १४ च्या पान्याकडे वळू.

एम-८ बोल्टमधला ८ हा आट्याचा बाहेरचा व्यास असतो. डोक्याच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर ही वेगळी गोष्ट आहे, आणि पाना त्या अंतराचा लागतो. ते अंतर किती असावे हे मानक ठरवते आणि मानके बदलतात. १९५० च्या दशकातल्या बीटलवर एम-८ चे डोके १४ मिमीचे सापडते, १९७० च्या दशकातल्या बीटलवर १३ चे. आटा तोच, पाना वेगळा. जुन्या जर्मन मानकात, म्हणजे डीआयएनमध्ये, एम-१० ला १७ आणि एम-१२ ला १९ मिमी होते. आयएसओने ते १६ आणि १८ केले. आपले आयएस १३६४ हे मानक आयएसओला धरून आहे. म्हणून आज दुकानातून आणलेला एम-१० बोल्ट जुन्या गाडीला आट्याने बरोबर बसेल, पण किटमधला १७ चा पाना त्याच्यावर सैल पडेल. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते. मूळ किटमधल्या पान्यांची मापे पाहिली तर त्या गाडीवर मुळात कोणते बोल्ट होते याची यादीच हाती येते.

सैल म्हणजे किती सैल, याचा हिशेब करू. षटकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर म्हणजे सपाट बाजूंमधले अंतर भागिले कोसाइन ३०°. १३ साठी ते १३ ÷ ०.८६६ = १५.०१ मिमी येते. १४ च्या जबड्यात हे डोके जेव्हा कोपऱ्यांवर अडकते, तेव्हा १५.०१ × कोसाइन(३०° − थ) = १४. इथे थ म्हणजे पाना मोकळा फिरण्याचा कोन. सोडवल्यावर थ जवळपास ९° येतो. पाना नऊ अंश नुसता फिरतो आणि मग सगळा जोर फक्त दोन कोपऱ्यांवर, जवळजवळ रेषेवर, पडतो. क्षेत्रफळ इतके लहान, की दाब धातूच्या सोसण्यापलीकडे जातो आणि कोपरा वाहतो. एका मिलिमीटरचा हा परिणाम. आमच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली नेमके हेच झाले होते.

पान्याची लांबीही अशीच विचारपूर्वक ठरवलेली असते. ८.८ प्रतीच्या एम-८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. हाताचा जोर जबड्यापासून १४ सेंमीवर पडला तर २५ ÷ ०.१४ = सुमारे १७९ न्यूटन, म्हणजे अठरा किलो वजनाइतका जोर. एका हाताला हे जमते. एम-६ ला १० न्यूटन-मीटर पुरतात. तेवढ्याच लांब दांड्यावर ७१ न्यूटनमध्ये काम होऊन जाईल आणि हाताला अंदाज येण्याआधी बोल्ट तुटेल. म्हणून लहान मापाचा पाना आखूड असतो. त्याला पाइप लावून लांब करणारे आपले मिस्त्री हा सगळा विचार एका झटक्यात मोडीत काढतात!

ओपन पान्याचा जबडा दांड्याशी १५° वळलेला दिसेल. तो तसा का, याचे उत्तर तोंडी परीक्षेत मी नेहमी विचारतो. षटकोन दर ६०° ला पुन्हा तसाच दिसतो, पण इंजिनाच्या कोपऱ्यात दांडा ६०° फिरवायला जागा नसते. पाना उलटा केला की जबड्याची दिशा ३०° ने बदलते, आणि निम्म्या जागेत नट सोडता येतो.

या हत्यारांवरची अक्षरेही वाचायला शिका. बरीचशी हत्यारे रेमशाइड या एकाच जर्मन गावाच्या परंपरेतली आहेत. हाझेट म्हणजे हेर्मान झेर्व्हर या नावाची आद्याक्षरे, स्थापना १८६८. गेडोरे म्हणजे ‘गेब्रूडर डोविडाट रेमशाइड’, म्हणजे रेमशाइडचे डोविडाट बंधू, १९१९. ओपन पान्यावर जुने डीआयएन ८९५ किंवा नंतरचे डीआयएन ३११० असे मानकाचे क्रमांक सापडतात, शिवाय क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण. घडीव पान्याची अक्षरे बहुधा साच्यातूनच उमटलेली असतात, आणि बाजूने साच्याच्या जोडाची कातरलेली रेघ दिसते.

हे महत्त्वाचे आहे, कारण या किटचा आज मोठा बाजार आहे. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक डिकी उघडायला सांगतात आणि अपुऱ्या किटचे गुण जातात. बीटलच्या सुट्या चाकाच्या पोकळीत बसणारी हाझेटची गोल पेटी तर इतकी मागणीत आहे, की तिच्या नकला निघतात. गंमत म्हणजे ती कारखान्याची मूळ वस्तूच नाही. ती वेगळी विकत घ्यायची जोड होती. १९५८ च्या म्हणून दाखवलेल्या पान्यावर लेझरने कोरलेली अक्षरे दिसली तर पुढे काही तपासायची गरज नाही. पहिला लेझर १९६० साली चालला.

दुसरा अंदाज, म्हणजे दुरुस्ती कोण करणार, तोही काळाबरोबर बदलला. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. त्या काळी अशा गाडीला जवळपास कुठे अधिकृत कार्यशाळा नसे. शोफर हाच मिस्त्री असे. याउलट १९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात, मर्सिडीज ई-२२० ची जुळणी सुरू झाली, तेव्हा मालकाने बॉनेटखाली हात घालावा ही अपेक्षाच संपली होती. उरले ते मुख्यतः चाक बदलणे.

त्यातही एक वस्तू पाहण्यासारखी आहे. अँबॅसेडरच्या हबला खुंट्या असतात. चाक त्यांवर टांगायचे आणि नट लावायचे. बहुतेक जर्मन गाड्यांत खुंट्या नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. मग जड चाक एका हाताने धरून भोके जुळवायची कशी? त्यासाठी किटमध्ये एक आटे पाडलेली लांब पिन असते. ती वरच्या भोकात फिरवायची, चाक तिच्यावर सरकवायचे, चार बोल्ट लावायचे, पिन काढून पाचवा बोल्ट लावायचा. जुन्या गाड्यांतून सगळ्यात आधी हरवते ती हीच, कारण ती कशाची हे कुणालाच ओळखता येत नाही.

त्या गाडीच्या चाकाच्या बोल्टला ११० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला आहे. पाना ३५ सेंमीचा धरला तर ३१४ न्यूटन, म्हणजे ३२ किलोचा जोर पुरतो. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर टॉर्क २४० न्यूटन-मीटर होतो, दुपटीहून जास्त. जॅकबद्दलही सावध राहा. त्याचा हात दरवाज्याखालच्या पत्र्यातल्या ठरावीक भोकात बसतो. जुन्या गाडीत तिथे गंज असेल तर मूळ किटचा, अगदी अस्सल जॅकही वापरू नका.

पुढच्या प्रात्यक्षिकाला येताना घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीचे किट उघडा. प्रत्येक पान्याचे माप, लांबी आणि त्यावरची अक्षरे वहीत लिहा, आणि तो पाना गाडीतल्या कोणत्या बोल्टसाठी आहे ते शोधा. व्हर्नियर प्रयोगशाळेत मिळेल. माझा १४ चा पाना आता कपाटात वेगळा ठेवला आहे, त्याला लाल दोरा बांधून.