अभियंत्याचे दोन हिशेब

बारावीचा निकाल लागला की पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी घरोघरी एकच चर्चा सुरू होते : अभियांत्रिकीला प्रवेश कोठे मिळेल? जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर येथे महाविद्यालये आहेत. शुल्कासाठी कोणी बँकेचे कर्ज काढतो, कोणी कापसाच्या पैशांतून तजवीज करतो. चार वर्षांनी मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन घरी येते. यंत्र कसे चालते, हे तिला ठाऊक असते. परंतु ते चालविण्यास खर्च किती येतो, तो खर्च कोण सोसतो आणि कागदावर केलेल्या आपल्या सहीचे मोल काय, या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी क्वचितच असतात. आम्हांस वाटते की, हे तिचे वैगुण्य नसून आपल्या शिकवण्याच्या पद्धतीचे आहे.

विषय अभ्यासक्रमात नाही, असे मुळीच नाही. २०१४ साली भारत अभियांत्रिकी शिक्षणाच्या 'वॉशिंग्टन करार' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा कायम सदस्य झाला. पदवीधर अभियंत्याच्या अंगी कोणते गुण असावेत याची जी यादी राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने केली आहे, तीत गणित व रचनाशास्त्राच्या जोडीने 'नीतिमत्ता' आणि 'प्रकल्प व्यवस्थापन व वित्त' हे दोन्ही गुण आहेत. अडचण निराळीच आहे. अर्थशास्त्र एका सत्रात, नीती दुसऱ्या सत्रात, आणि दोन्ही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करावयाचे, अशी रीत पडली आहे. आमचे म्हणणे असे की, हे दोन विषय एकत्रच शिकविले पाहिजेत. कारण प्रत्यक्ष कामात ते एकमेकांपासून वेगळे कधीच भेटत नाहीत.

जिनिंगमधील धडा

आपल्या परिसरातीलच उदाहरण घेऊ. जिनिंगमध्ये कापसापासून रुई आणि सरकी वेगळी होते. रुईच्या साधारण १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. कापसाचा हंगाम काही महिन्यांचाच. परंतु जागा, कर्जाचे व्याज, कायम नोकरांचे पगार, विमा, देखभाल हा खर्च बारा महिने चालू राहतो. याला स्थिर खर्च म्हणतात. गाठींच्या संख्येबरोबर वाढणारा वीज, मजुरी, हमाली यांचा खर्च तो बदलता खर्च.

केवळ समजण्यासाठी काही आकडे कल्पू या. वर्षाचा स्थिर खर्च ३६ लाख रुपये आहे आणि बदलता खर्च वजा जाता प्रत्येक गाठीमागे ६०० रुपये उरतात. तर ६,००० गाठी झाल्यावर खर्च भरून निघतो. हा 'ना नफा, ना तोटा' बिंदू. दिवसाला ४० गाठी होत असतील, तर तेथवर पोहोचण्यास १५० दिवस लागतील. जवळजवळ सारा हंगाम त्यातच सरला! येथवर झाले अर्थशास्त्र.

आता मालक तरुण अभियंत्यास विचारतो, "साहेब, खर्च कोठे कमी करता येईल?" अभियंता पाहतो की, आग विझविण्याची व्यवस्था, पट्ट्यांवरील जाळ्या आणि विजेच्या तारांची तपासणी यांवर वर्षाला ३ लाख रुपये जातात. ते वगळले तर ५,५०० गाठींतच खर्च भरून निघतो. नफा साडेबारा दिवस अगोदर सुरू होतो. कागदावरचा हिशेब बिनचूक आहे. पण कापसाला ठिणगी पुरते, हे खानदेशात कोणास सांगावे लागते? ते ३ लाख रुपये नाहीसे झालेले नाहीत. मालकाच्या वहीतून निघून ते मजुराच्या जिवावर धोका म्हणून चढले आहेत. जो खर्च वहीत दिसत नाही तो कोणाच्या खांद्यावर पडला, हे विचारणे म्हणजेच व्यावसायिक नीती. आणि हा प्रश्न विचारण्यास आधी हिशेब यावा लागतो. ज्याला हिशेब येत नाही, त्याची नीती केवळ सद्भावना ठरते.

घाटकोपरचा फलक

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट अशी होती. हा फलक सुमारे १२० फूट बाय १२० फूट होता. विद्यार्थ्यांनी येथे साधा गुणाकार करावा. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते. फलक जितका मोठा तितके जाहिरातीचे भाडे अधिक, हे अर्थशास्त्र. परंतु वाऱ्याचा जोरही क्षेत्रफळाच्याच प्रमाणात वाढतो, तोही नऊपट. शिवाय फलक उंच झाल्याने पायाशी येणारा उलथविणारा ताण त्याहूनही अधिक. लोभ आणि भार एकाच सूत्राने वाढतात. भाड्याचा गुणाकार करणाऱ्याने भाराचाही गुणाकार करून पाहिला पाहिजे, एवढे जरी या उदाहरणातून वर्गात बिंबले, तरी पुष्कळ झाले.

पांझरेकाठचा तरुण अभियंता

चांगल्या उदाहरणासाठीही दूर जाण्याची गरज नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीच्या कामांपैकी एक आपल्या खानदेशातले होते : धुळ्यापासून काही अंतरावर दातर्ती येथे पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे. पावसाने अडथळा येऊ लागला, तेव्हा काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते शिस्तीला धरून वाटले नाही. मग त्या तरुणाने अडचणींतून वाट काढीत ते काम पुरे केले. येथे विद्यार्थ्यांना विचारावे : आपले मत स्पष्ट कळवावे कधी, आज्ञा पाळावी कधी, आणि सही नाकारावी कधी? आमच्या मते अडचण केवळ आपल्या सोयीची वा खर्चाची असेल, तर मत लेखी नोंदवून काम करावे. लोकांच्या जिवाला धोका असेल, तर सही करू नये.

हेच विश्वेश्वरय्या पुढे १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण होते. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने म्हैसूर बँक स्थापन झाली, आणि १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. धरणाचे दरवाजे आणि बँकेची खातेवही या दोन्हींवर एकच मनुष्य विचार करीत होता, हे ध्यानात घ्यावे.

वर्गात काय करावे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने गावाजवळच्या एका कामाचा अभ्यास करून तीन रकाने लिहावेत : खर्च किती, लाभ कोणाला, धोका कोणाला. पाचोऱ्याच्या मुलांना विषय शोधावा लागणार नाही. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे २०२० साली टाळेबंदीत थांबली. अशा गाडीचे मोल केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर ठरवावे, की कमी भाड्यात बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाणाऱ्यांची सोयही हिशेबात धरावी? दोन्ही बाजूंनी आकडे मांडून दाखवावेत. उत्तर एक येणार नाही. परंतु हिशेब मांडण्याची सवय लागेल. तिसरा रकाना कोरा ठेवून गुण मिळू नयेत, हा नियम मात्र कसोशीने पाळावा.

आपल्या धर्मग्रामांतील पालकांनाही आमची विनंती आहे. मुलाला पहिली नोकरी लागली की आपण पगार विचारतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : "तू कोणत्या कागदावर सही करतोस?" मोजमाप पुस्तिकेत न भरलेल्या खडीची नोंद होते, ती एका सहीने; आणि ती नोंद अडते, तीही एका सहीनेच. ती सही करणारा हात आपल्या घरी वाढलेला असतो.