उष्णोदकाच्या देशीं अतिथि

आइसलंडच्या पश्चिम भागांत रेकहोल्टच्या खोऱ्यांत एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं उतरलेल्या अतिथीस यजमानानें काय सांगावें? प्रथम रेकहोल्ट गांवच पाहावें. इतिहासकार व कवि स्नोरी स्टुर्लुसॉन येथें राहत असे. १२४१ सालीं येथेंच त्याचा वध झाला. त्याच्या नांवाचें उष्णोदकाचें कुंड अद्याप आहे; तें मात्र दर्शनापुरतें, स्नानासाठीं नव्हे.

जवळच डेइल्डार्टुंगुक्वेर हा झरा आहे. त्यांतून दर सेकंदास सुमारें १८० लिटर पाणी ९७ अंश सेल्सिअस उष्णतेनें उसळतें व नळांवाटे ६४ किलोमीटरवरील आक्रानेसपर्यंतचीं घरें उबदार ठेवितें. येथें मुलांचा हात सोडूं नये. असल्या पाण्याचा क्षणमात्र स्पर्शही घातक होय.

पुढें ह्राउनफोस्सार येथें लाव्ह्याच्या थराखालून असंख्य धारा नदींत उतरतात. शेजारच्या बार्नाफोस या नांवाचा अर्थ ‘मुलांचा धबधबा’. दगडी कमानीवरून दोन मुलें प्रवाहांत पडलीं व शोकाकुल मातेनें ती कमान फोडविली, अशी दंतकथा सांगतात.

पोहण्याच्या सार्वजनिक तलावांत उतरण्यापूर्वीं विवस्त्र होऊन साबणानें स्नान करणें सक्तीचें आहे. पाण्यांत क्लोरिन अल्प घालतात, म्हणून हा निर्बंध. आपल्याकडील संकोची मंडळींस तो चमत्कारिक वाटेल. परंतु त्यामागील शुचितेचा हेतु आपणांस परका नाहीं.

लाव्ह्यावरील शेवाळ तुडवूं नये; तें पूर्ववत् होण्यास कित्येक वर्षें लागतात. अतिथीस आपण देव मानतों. तथापि यजमानाच्या भूमीस इजा न करणें, हा अतिथीचाही धर्म होय.