गरोदरपणात अचानक दृष्टी गेली, तर…

गरोदरपणात किंचित अंधुक दिसणे बहुधा निरुपद्रवी असते; अंगात पाणी साठल्याने बुबुळावरील पारदर्शक पटल थोडे जाड होते. मात्र एका डोळ्याची दृष्टी अचानक, वेदनेविना गेली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून पडून राहू नये. प्रसूतीतील रक्तस्राव आवरावा म्हणून या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते; क्वचित त्यातूनच गुठळी होऊन दृष्टिपटलाची रक्तवाहिनी अडते. धमनी अडल्यास काही तासांतच कायमची हानी होते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक असून डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर माता व बालक दोघांनाही धोका संभवतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तदाब आणि दृष्टिपटल दोन्ही तत्काळ तपासून घ्यावे.