झाडू कोणाचा, घंटागाडी कोणाची?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'उपविधी' हा शब्द मी पहिल्यांदा मामाच्या किराणा दुकानात ऐकला. दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. (गाव मुद्दामच सांगत नाही.) मामाच्या हातात घरपट्टीचं बिल होतं आणि तोंडात जे होतं ते या अंकात छापता येणार नाही. बिलात एक नवीन ओळ आली होती, 'घनकचरा उपयोगकर्ता शुल्क'. दुकानाला घरापेक्षा जास्त दर. मामा म्हणाला, "तू इंजिनिअर व्हायलीस ना? मग सांग, झाडायचे पैसे घरपट्टीत घेतात, तर हे कशाचे?"

मला सांगता येईना. आमच्या पुस्तकात कचरा टनांत मोजतात, रुपयांत नाही. म्हणून कॉलेजला परत आल्यावर जरा शोधाशोध केली.

मामाचं अर्धं बरोबर होतं. महाराष्ट्राचा नगरपरिषद कायदा १९६५ चा. त्यातल्या एकत्रित मालमत्ता करात, म्हणजे आपल्या घरपट्टीत, स्वच्छतेचा कर आधीपासून धरलेला आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात तर 'हलालखोर कर' असं सरळ नावच होतं! मग वेगळी फी का? कारण कर आणि फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर सगळ्यांच्या कामासाठी, आपल्याला काय मिळालं हे न विचारता द्यायचा. फी मात्र आपल्याला मिळालेल्या सेवेची.

आता आपल्या हिंगोलीचं घ्या. दसऱ्याला रामलीला मैदानावर केवढी गर्दी होते! दुसऱ्या दिवशी तिथे पडलेले द्रोण, कागद, पिशव्या कोणाच्या? कोणाच्याच नाहीत, आणि सगळ्यांच्या आहेत. औंढा नागनाथला महाशिवरात्रीला बाहेरगावचे लाखभर पाय येऊन जातात, त्यांच्या नावावर तिथे घरपट्टी नाही की दुकान नाही. हा रस्त्यावरचा कचरा घरामागे वाटताच येत नाही. तो झाडू करातूनच चालला पाहिजे. दारात येणारी घंटागाडी मात्र मोजता येते. आली की नाही, कोणाच्या दारात आली, किती वेळा आली, सगळं सांगता येतं. तिची फी घेता येते. माझ्या मते दर ठरवण्याआधी ही रेघ आखली पाहिजे. नाहीतर एकाच झाडूचे पैसे दोनदा जातात, आणि मामाचा राग तोच होता.

फी किती असावी? एक गणित करून बघू. आकडे गृहीत धरलेले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. १०,००० घरं, घरात ५ माणसं, माणशी रोज २५० ग्रॅम कचरा. झाला रोजचा साडेबारा टन. गोळा करून, वाहून, खत करायला टनाला २,४०० रुपये धरा. रोजचे ३०,०००, महिन्याचे ९ लाख, घरामागे ९० रुपये. झालं? नाही झालं. निम्म्याच घरांनी भरले तर ४.५ लाखांचा खड्डा, आणि तो भरायला पुन्हा कराचेच पैसे. वर भाड्याच्या एका खोलीतल्या कुटुंबालाही ९० आणि तीन मजली बंगल्यालाही ९०. कचरा वजन करून फी घ्यावी म्हटलं तर दारोदार काटा फिरवायचा खर्च फीपेक्षा जास्त.

म्हणून बहुतेक ठिकाणी वजनाऐवजी दुसरं काहीतरी मोजतात. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत कचरा करणाऱ्याने शुल्क द्यावं असं आलं, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने शहरांच्या वर्गाप्रमाणे घर, दुकान, हॉटेल असे दर ठरवून दिले. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ ला घरामागे महिना ६० रुपये मिळकतकराच्या बिलातच लावले, तर एवढा विरोध झाला की वसुली थांबवावी लागली. मुंबईत २०२५ च्या मसुद्यात घराच्या आकारावर दर सुचवले होते. ५० चौरस मीटरपर्यंत महिना १००, ३०० पर्यंत ५०० आणि त्यापुढे १,००० रुपये. मोठं घर म्हणजे मोठा कचरा, हा अंदाजच, पण खोलीला आणि बंगल्याला एकच दर लावण्यापेक्षा बरा. दुकानाच्या बाबतीत मात्र हा अंदाज फसतो. मामाचे खोके आणि पोती भंगारवाला विकत नेतो, घंटागाडीत जातं ते ओंजळभर. शेजारचा रसवंतीवाला रोज ढीगभर चिपाड टाकतो. दर दोघांना एकच.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण घंटागाडीवरच्या मावशीला विचार एकदा."

पुढच्या सुट्टीत विचारलं. मावशी कंत्राटावर आहेत. हातमोजे नव्हते. त्यांनी मलाच उलट विचारलं, "पोरी, तुमच्या ह्या पैशातले आमच्याकडं किती येतात?" माझ्या गणितात २,४०० रुपये टन होते, पण त्यात मावशी कुठे होत्या हे मलाच माहीत नव्हतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तिथे कचरा उचलणारी बाई स्वतःच घराघरातून महिन्याची फी घेते. तिला हा प्रश्न विचारावा लागत नाही. आमच्या मावशींना लागतो, कारण फी बिलात जाते आणि बिल तिजोरीत.

मग मामाने आणि मी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. या शुल्कातून वर्षात किती जमा झालं, त्यातलं डिझेलला किती, मजुरीला किती, हातमोज्यांना किती. माझे ऱ्हस्व-दीर्घ मामाने लाल पेनने दुरुस्त केले, मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दिला. पोच मिळाली आहे. बिल मामाने त्याच खिडकीत, त्याच दिवशी भरलं, पण ती पावती त्याने फायलीत लावली नाही. गल्ल्याच्या वर टाचून ठेवली आहे, उत्तर येईपर्यंत.