पितृनामनोंदणी, अनौरस अपत्याची

माता व पिता यांचा परस्परांशी विवाह झालेला नसताना जन्मलेल्या अपत्याच्या जन्मनोंदीत पित्याचे नाव लिहिण्याची कायदेशीर पद्धती. मातृत्व प्रसूतीनेच सिद्ध होते. पितृत्वासाठी कायद्याला गृहीतकाचा आधार घ्यावा लागतो. विवाहित स्त्रीच्या अपत्याचा पिता तिचा पती होय, हे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील गृहीतक भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. अविवाहित मातेच्या बाबतीत असे गृहीतक नसल्याने पितृनामाचा रकाना कोणाच्या सांगण्यावरून भरावयाचा, असा प्रश्न उद्‌भवतो.

इंग्लंडमधील १८७४ च्या अधिनियमानुसार माता आणि पितृत्व मान्य करणारा पुरुष या उभयतांनी संयुक्त विनंती करून नोंदवहीत स्वाक्षऱ्या केल्याखेरीज निबंधकास त्या पुरुषाचे नाव लिहिता येत नसे. हाच नियम हिंदुस्थानातील जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी अधिनियम, १८८६ मध्ये आला. कोणावरही खोटे पितृत्व लादले जाऊ नये, हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु जबाबदारी टाळू पाहणाऱ्या पुरुषास त्यामुळे केवळ मौन पाळणे पुरेसे होई. इंग्लंड व वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून मातेसह संयुक्त नोंदणी करणाऱ्या अविवाहित पित्यास पालकत्वाचे अधिकार व कर्तव्ये नोंदीमुळेच प्राप्त होतात.

भारतातील नोंदीस एवढे सामर्थ्य नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील जन्माची माहिती रुग्णालयाने द्यावयाची असते. त्यामुळे पित्याच्या स्वाक्षरीवाचूनही त्याचे नाव नोंदले जाऊ शकते. अशी नोंद जन्माचा उत्तम पुरावा असली, तरी पितृत्वाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. हिंदू कायद्यानुसार अनौरस अपत्याचा नैसर्गिक पालक प्रथम माता व तिच्यानंतर पिता असतो. पितृनाम लिहिल्याने हा क्रम बदलत नाही. उलटपक्षी रकाना कोरा राहिला म्हणून पिता निर्वाहखर्चातून मुक्त होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ व तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १४४ यांनी अनौरस अपत्यासही निर्वाहखर्चाचा हक्क दिला आहे. अर्थात त्यासाठी पितृत्व न्यायालयात सिद्ध करावे लागते.

पित्याचे नाव न सांगण्याचा मातेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ च्या निर्णयात मान्य केला. आपल्या बचतीसाठी मुलाचे नामनिर्देशन करू इच्छिणाऱ्या एका अविवाहित मातेकडे पालकत्वाच्या अर्जात पित्याचे नाव मागण्यात आले होते. एकल पालकाने वा अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास जन्मदाखला द्यावा, असे न्यायालयाने प्राधिकाऱ्यांना बजावले. त्याच वेळी आपला पिता कोण, हे जाणण्याचे अपत्याचे हितही त्याने नजरेआड केले नाही : मातेने दिलेला तपशील मोहोरबंद पाकिटात ठेवण्यात आला.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक बोचरा होतो, कारण येथे पित्याचे नाव हा अपत्याच्या पूर्ण नावाचाच मधला भाग असतो. कोरा रकाना शाळेच्या हजेरीपटावरही दिसतो. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत मातेचे नाव पित्याच्या नावाआधी लिहावयाचे आहे. नोंदीत पितृनाम चुकीने किंवा कपटाने लिहिले गेल्यास निबंधक मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्ती करून तेथे स्वाक्षरी व दिनांक घालतो.